काच आणि चिरा : ‘द ग्लास मिनॅजरी’ व ‘वाडा चिरेबंदी’मधील स्मृती, प्रतीक आणि कुटुंब

१

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही दोन नाटके लिहिली जाऊन त्रिनाट्यधारा पूर्ण झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’तर्फे ती सलग सादर केली. ‘युगान्त’ला २००२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या नाटकांवरील लेखनात, आणि त्याहून अधिक प्रमाणात विद्यापीठीय अध्यापनात, एक समीकरणमालिका रूढ झालेली दिसते : वाडा म्हणजे कोसळती सरंजामी व्यवस्था, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर म्हणजे फसलेली आधुनिकता, पुन्हापुन्हा वेळ विचारणारी दादी म्हणजे गोठलेला काळ. समीकरण मांडले की प्रतीकाचा अर्थ लागला, असे गृहीत धरले जाते.

टेनेसी विल्यम्स यांच्या ‘द ग्लास मिनॅजरी’ या नाटकाच्या वाट्यालाही हेच आले आहे. २६ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत आणि ३१ मार्च १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झालेले हे नाटक इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गांत दीर्घकाळ शिकवले जात आहे. तेथेही काचेचा युनिकॉर्न म्हणजे लॉरा, आगजिना म्हणजे पलायन, भिंतीवरचे छायाचित्र म्हणजे परागंदा पिता अशी यादी तयार असते. एकाच महाविद्यालयाच्या एकाच मजल्यावर, मराठी आणि इंग्रजी या शेजारशेजारच्या वर्गांत, दोन नाटके एकाच पद्धतीने उलगडली जातात; परंतु या दोन नाटकांतील प्रतीके एकाच जातीची आहेत काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

‘वाडा चिरेबंदी’ची तुलना बहुधा चेखॉव्हच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’शी (१९०४) केली जाते. विकावी लागणारी वास्तू, निष्क्रिय वारसदार आणि बदलता काळ ही साम्यस्थळे उघड आहेत. विल्यम्सशी तुलना त्या मानाने आडवळणाची वाटेल. तथापि स्मृती ही ज्या नाटकाच्या रूपबंधाचेच तत्त्व आहे, असे आधुनिक नाटक म्हणून ‘द ग्लास मिनॅजरी’ एलकुंचवारांच्या नाटकाचे एक वेगळे अंग उजेडात आणते. दोन्ही नाटकांत कुटुंब अपयशी ठरते आणि दोन्हीकडे ते अपयश वस्तूंमधून बोलते. त्या वस्तू ज्या प्रकारे बोलतात, तो प्रकार मात्र मुळातच भिन्न आहे.

२

‘द ग्लास मिनॅजरी’ला विल्यम्स यांनी स्मृतिनाट्य म्हटले. टॉम विंगफिल्ड हा या नाटकाचा निवेदक आहे आणि त्यातील एक पात्रही आहे. सेंट लुईसमधील अरुंद भाड्याच्या घरातून तो निघून गेला आहे; मागे राहिलेली आई अमांडा आणि पायाने किंचित अधू असलेली बहीण लॉरा यांचे जग प्रेक्षकाला दिसते ते त्याच्या आठवणीतून. मंद प्रकाश, पुन्हापुन्हा ऐकू येणारी एकच धून, पारदर्शक भिंती ही सारी योजना स्मृतीच्या स्वभावाशी सुसंगत राहावी अशी केलेली आहे. दृश्यांवर शीर्षके व प्रतिमा झळकवणारा पडदा विल्यम्स यांनी संहितेत योजला होता. न्यूयॉर्कच्या प्रयोगात तो वगळला गेला, तरी स्मृतीचे नियंत्रण सुटले नाही. कारण ते नियंत्रण निवेदकाच्या हाती होते.

या रचनेतून एक गोष्ट निष्पन्न होते : येथे स्मृतीला एक मालक आहे. जो घर सोडून गेला त्याच्याकडेच घराची आठवण उरली. अमांडालाही आठवणी आहेत. ब्ल्यू माउंटनमधील तिचे तारुण्य आणि एका दुपारी आलेले सतरा तरुण ती वारंवार सांगते. परंतु तिची आठवणसुद्धा टॉमच्या आठवणीच्या आत बसवलेली आहे. लॉराला तर निवेदनाचा अधिकारच नाही. ती काय आठवत असेल हे नाटक सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. तेव्हा ‘द ग्लास मिनॅजरी’तील कुटुंबाचे अपयश हे अपराधभावनेच्या रूपात प्रकट होते. घर सोडणारा एक आहे, अपराधी तो आहे आणि नाटक हे त्याचे न संपणारे निवेदन आहे.

‘वाडा चिरेबंदी’त निवेदक नाही. धरणगावच्या देशपांडे घराण्यातील कर्ता पुरुष, तात्याजी, नुकताच वारला आहे. मुंबईहून धाकटा मुलगा सुधीर आणि त्याची कोकणस्थ पत्नी अंजली आली आहेत. वाड्यात थोरला भास्कर, वहिनी, त्यांची मुले पराग व रंजू, अविवाहित चंदू व प्रभा, विधवा आई आणि तात्याजींची वृद्ध आई दादी आहेत. टॉमप्रमाणे घर सोडून गेलेला सुधीर येथे आहे, परंतु नाटककाराने त्याला निवेदनाचे आसन दिलेले नाही. तो परत येतो, हळहळतो, हिशेब करतो आणि पुन्हा जातो. त्याची हळहळ खोटी नाही. तरीही ती इतरांच्या दैनंदिन कष्टांसमोर सतत तपासली जाते. मुंबईत राहून वाड्याविषयी हळवे होणे आणि वाड्यात राहून चूल पेटवणे यांतील अंतर नाटक झाकत नाही.

येथे कादंबरीच्या क्षेत्रातील एक उदाहरण उपयोगी पडते. खानदेशातीलच भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोरगावला परततो आणि घराण्याची, गावाची, संस्कृतीची स्मृती त्याच्या निवेदनातून उसळते. परतणाऱ्या मुलाला तेथे निवेदकत्व लाभले आहे. त्यामुळे अडगळीला ‘समृद्ध’ हे विशेषण लावता येते. सुधीरला ते लाभत नाही. वाड्यातली अडगळ कोणाच्याही कथनात सामावली जात नाही, ती आवरावी लागते, विकावी लागते किंवा तिच्यासह राहावे लागते. स्मृतीला येथे एक मालक नाही; ती अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीसारखी सामाईक आहे. सामाईक मिळकतीचे जे होते तेच तिचे होते : वाटणी, कुरबुर आणि चोरी.

३

या भेदाचा परिणाम प्रतीकांवर होतो. लॉराच्या काचेच्या प्राण्यांना बाजारात फारशी किंमत नाही. ती खेळणी कोणी गहाण ठेवणार नाही, त्यांच्यावरून भाऊबंदकी होणार नाही. म्हणूनच ती निर्वेधपणे प्रतीक होऊ शकतात. जिम ओकॉनरबरोबर नाचताना युनिकॉर्नचे शिंग तुटते, तेव्हा तुटते ते केवळ लॉराच्या अंतर्विश्वात. घराच्या जमाखर्चात त्याची नोंद होत नाही. जिमचे लग्न ठरलेले आहे हे कळल्यावर लॉरा तो तुटका प्राणी त्यालाच भेट देते. जिला विकण्याजोगे काही नाही, तिला निदान देण्याजोगे काही तरी आहे.

याचा अर्थ विल्यम्सच्या नाटकात पैसा नाही असा नव्हे. टॉम जोड्यांच्या गोदामात राबतो. अमांडा मासिकाचे वर्गणीदार मिळवण्यासाठी दूरध्वनी करत राहते. विजेच्या बिलाचे पैसे टॉमने नाविकांच्या संघटनेच्या वर्गणीसाठी वापरल्यामुळे पाहुणा जेवायला आलेला असताना घरात अंधार होतो. १९३० नंतरच्या दशकातील महामंदी नाटकाच्या प्रत्येक प्रवेशात आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पैसा आणि काच हे दोन पदर वेगळे राहतात. अंधार पैशामुळे होतो. मेणबत्त्यांच्या उजेडात उमलणारा आणि विझणारा प्रसंग मात्र पैशाच्या पलीकडे जातो. काचेला मोल आहे, किंमत नाही.

‘वाडा चिरेबंदी’त असा एकही पदार्थ नाही ज्याला केवळ मोल आहे. वाडा राहण्याचे घर आहे, घराण्याची अब्रू आहे आणि विक्रीयोग्य स्थावर मालमत्ताही आहे. ट्रॅक्टर हा भास्करच्या एका स्वप्नाचा अवशेष आहे. त्याच वेळी तो बुडालेला पैसा आहे. सोने हे तर सर्वांत बोलके उदाहरण ठरते. रात्री भास्करसमोर वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते, तो प्रवेश या नाटकातील सर्वांत सुंदर प्रवेशांपैकी एक आहे. दिवसभर राबणारी स्त्री क्षणभर त्या घरातील पूर्वीच्या स्त्रियांच्या रांगेत जाऊन उभी राहते. स्मृती येथे शब्दांत नसून धातूच्या वजनात आहे. पण त्याच वजनाकडे घरातील प्रत्येकाची नजर लागलेली आहे. वाटणीचा प्रश्न त्याच पेटीभोवती घोटाळतो आणि अखेरीस सिनेमाच्या वेडाने भारलेली रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते तेव्हा तेच सोने घेऊन जाते.

या घटनेचा अन्वयार्थ पुष्कळदा नव्या पिढीचे अधःपतन असा लावला जातो. तो अपुरा आहे. रंजूने घराण्याची प्रतिष्ठा चोरली असे म्हणताना हे विसरले जाते की त्या घरात प्रतिष्ठा आणि सोने यांत फरक करण्याची सवयच उरलेली नव्हती. मोठ्यांनी जे मनात केले ते मुलीने प्रत्यक्षात केले, एवढेच. मोल आणि किंमत यांचा गोंधळ हेच या कुटुंबाच्या अपयशाचे मर्म आहे, आणि म्हणूनच या नाटकातील वस्तू निव्वळ प्रतीके म्हणून वाचता येत नाहीत. त्या आधी मालमत्ता आहेत. त्यांचे प्रतीकत्व त्या मालमत्तेच्या भवितव्यातून सिद्ध होते. ‘वाडा म्हणजे सरंजामशाही’ या समीकरणात ही प्रक्रियाच गळून पडते.

तेरवीचा प्रश्न याच संदर्भात पाहावा लागतो. मृताच्या नावाने गावाला जेवण घालायचे की नाही, आणि घालायचे तर कशाच्या बळावर, या विवंचनेने घर ग्रासलेले आहे. टॉमच्या स्मृतीला कोणताही विधी लागत नाही. तो एकटाच आठवतो. धरणगावच्या देशपांड्यांना मात्र आठवण सार्वजनिक रीतीने, पंक्ती वाढून, सिद्ध करावी लागते. जे कुटुंब तात्याजींविषयी मोकळेपणाने शोकही करू शकत नाही, ते त्यांच्या नावाने होणाऱ्या खर्चाविषयी मात्र अखंड बोलते. अपराधभावनेच्या जागी येथे ऋण आहे, आणि हे ऋण भावनिक की आर्थिक याचा निवाडा कोणालाच करता येत नाही.

४

नाटकातील धरणगाव विदर्भातले आहे. पात्रांच्या तोंडची वऱ्हाडी वळणाची बोली आणि अंजलीची मुंबईची भाषा यांतील तणावातून ते ठामपणे उभे राहते. जळगाव जिल्ह्यात याच नावाचे तालुक्याचे गाव असल्यामुळे खानदेशातील वाचकाला ते नाव सहज आपले वाटते. हा नामसारखेपणा योगायोगाचा आहे आणि त्यावर काही उभारू नये; मात्र त्या निमित्ताने दोन्ही प्रदेशांच्या इतिहासातील फरक ध्यानात घेणे इष्ट ठरते. देशपांडे हा परगण्याचा वतनदार अधिकारी. खानदेश मुंबई राज्यात असल्याने तेथील परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट झाली. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. तेथे कुळकायदा १९५८ मध्ये वेगळा करण्यात आला. त्यानंतर १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा दोन्हीकडे लागू झाला. वाड्याचे चिरे काळाच्या अमूर्त ओघात ढासळले नाहीत. त्यांच्या पायाखालचे हक्क ठरावीक वर्षांत, ठरावीक कलमांनी काढून घेतले गेले, आणि ते अन्यायाने गेले असेही नाही. ज्यांच्या श्रमावर वाडा उभा होता त्यांचा जमिनीवरील हक्क मान्य झाला, ही त्या ढासळण्याची दुसरी बाजू आहे. नाटक देशपांड्यांविषयी सहानुभूती निर्माण करते, परंतु वतनाविषयी नाही. समीक्षेने हा भेद पुसून टाकल्यास करुण रसाच्या नावाखाली हळहळीचे समर्थन होण्याचा धोका संभवतो.

वाड्यातील स्मृतीला वेगळी वाट मिळू शकते काय? खानदेशाच्या सांस्कृतिक इतिहासात याची दोन उत्तरे आढळतात. पहिले धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर हिंडून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत बावीस खंड प्रसिद्ध केले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यावर १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अनेक घराण्यांना ते कागद देववत नसत. वतनाचा पुरावा म्हणून ते कवटाळले जात. घराण्याच्या ताब्यात असेपर्यंत कागद ही मिळकत होती. ताब्याबाहेर आल्यावर तो इतिहास झाला.

दुसरे उत्तर जळगावचे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-कविता जात्यावर, शेतात, घरकामात घडल्या आणि सोपानदेव व त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवल्यामुळे १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. कुटुंबाने स्मृती जपली, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे. ते शक्य झाले याचे कारण त्या स्मृतीचा उगम मालकीत नव्हता, कष्टात होता. जे हाताने केले तेच शब्दांत उतरले. तिची वाटणी करण्यासारखे काही नव्हते; जितक्यांनी ती घेतली तितकी ती वाढली.

या दोन उदाहरणांसमोर देशपांड्यांचा वाडा ठेवला की त्याची कोंडी स्पष्ट होते. त्याची स्मृती राजवाड्यांच्या दप्तरांप्रमाणे बाहेर जाऊ शकत नाही, कारण ती सोडली तर प्रतिष्ठा उरत नाही. आणि बहिणाबाईंच्या ओव्यांप्रमाणे ती श्रमातून नव्याने जन्मू शकत नाही, कारण श्रमाला त्या घरात प्रतिष्ठा नाही. घरात कष्ट करतात ते चंदू, वहिनी आणि प्रभा. यांच्यापैकी कोणाचीही आठवण ‘घराण्याची आठवण’ म्हणून मोजली जात नाही.

५

प्रभा आणि लॉरा यांच्याकडे पाहिले असता हे अधिक तीव्रतेने जाणवते. दोघी अविवाहित, दोघींचे शिक्षण खुंटलेले, दोघी घराच्या अपयशाचे मोजमाप ठरलेल्या. लॉरा व्यवसाय-महाविद्यालयात टिकू शकली नाही, कारण तिचा स्वभाव तिला आड आला. तिच्या मनाच्या नाजूकपणाभोवती नाटकाची करुणा उभी आहे. प्रभा मात्र नाजूक नाही. तिला शिकायचे होते आणि शिकण्याची कुवतही होती. तिला अडवले ते स्वभावाने नव्हे, घराण्याच्या इभ्रतीने. म्हणून लॉराच्या वाट्याला काच आली आणि प्रभाच्या वाट्याला कडवट वाणी. काच जपता येते, कडवटपणा कोणी जपत नाही. कुटुंबाच्या अपयशाचे सर्वांत नेमके निदान वाड्यात कोणी करत असेल तर ती प्रभा. आणि तिच्या निदानाला वाटणीत हिस्सा नाही. एलकुंचवारांनी तिला कोणतेही प्रतीक दिलेले नाही. ही उणीव नसून नाटककाराची सूक्ष्म जाण आहे. जिच्याकडून सारे काढून घेतले गेले तिच्या हाती एखादी सुंदर वस्तू देणे ही फसवणूक ठरली असती.

दादीच्या पात्राचाही येथे पुनर्विचार करावा लागतो. मेलेल्या मुलाला, व्यंकटेशला, हाक मारून ती किती वाजले असे विचारत राहते. तिला गोठलेल्या काळाचे प्रतीक म्हणणे सोयीचे आहे. परंतु रंगमंचावर तो प्रश्न पुन्हापुन्हा ऐकू येतो तेव्हा त्याचा परिणाम उलट होतो. घरातील इतर सर्वजण भूतकाळाच्या हिशेबात अडकलेले असताना वर्तमान वेळ विचारणारी ती एकटीच आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर हवे असते ते मुलाकडून, आणि मुलगा नाही हे तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यापाशी स्मृती नाही; म्हणूनच मालमत्ताही नाही. त्या घरात मुलाला मुलगा म्हणून, कर्ता किंवा वतनदार म्हणून नव्हे, हाक मारणारी तीच एक उरली आहे.

‘द ग्लास मिनॅजरी’च्या शेवटी टॉम बहिणीला मेणबत्त्या विझवायला सांगतो. स्मृतीपासून सुटका हवी असल्याची ती कबुली आहे आणि सुटका नाही याचीही. निवेदक बोलायचा थांबला की ते जग अंधारते. एलकुंचवारांना असा शेवट उपलब्ध नव्हता. कोणा एकाच्या बोलण्यावर उभे नसलेले घर कोणा एकाच्या मौनाने संपत नाही. त्याला पुढील दोन नाटके घ्यावी लागली : तळ्याकाठची मग्नता, आणि शेवटी पाण्यालाही पारखा झालेला ‘युगान्त’मधील प्रदेश, जेथे पराग आणि अभय हे दोन चुलतभाऊ वाटण्यासारखे काही उरलेले नसताना समोरासमोर येतात. मोल आणि किंमत यांचा गोंधळ मिटण्यासाठी किंमत असलेले सर्व काही नाहीसे व्हावे लागले.

या दृष्टीने पाहता वर्गातील समीकरणमालिका दोन्ही नाटकांवर अन्याय करते, परंतु तो सारखा नाही. काचेचा युनिकॉर्न म्हणजे लॉरा हे विधान ढोबळ असले तरी चुकीचे नाही, कारण विल्यम्सने वस्तूला व्यवहारापासून मुक्त ठेवले आहे. वाड्याच्या बाबतीत मात्र अशा विधानाने नाटकाचा विषयच निसटतो. वाडा कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो कोणाच्या नावावर आहे, त्याची डागडुजी कोण करते, त्यात राबते कोण आणि त्यातला हिस्सा कोणाला मिळत नाही, हे प्रश्न विचारावे लागतात. त्यांची उत्तरे संहितेतच आहेत. ती मिळाल्यावर प्रतीकाचा अर्थ वेगळा शोधावा लागत नाही.